हिंदुरावांच्या गाडीचं तेल

तेलाचा थेंब बरोबर माझ्या भुवईवर पडला. मी गाडीखाली उताणी पडले होते, पाठीखाली मालवणची वाळू, हातात बॅटरी आणि डोक्याशी फक्त मामांचे पाय.

"दिसलं का गं?" मामांनी वरून विचारलं.

"दिसतंय की. सगळीकडंच दिसतंय."

"सगळीकडं म्हंजे? गळती एका जागंवरनं असती. नीट बघ. मागचं सील गेलं असंल."

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव साळोखे. आमच्या कोल्हापूरकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांनी सारी उमर एसटी चालवली आणि रिटायर झाल्यावर एका शाळेची जुनी बस विकत घेऊन तिचं घर केलं. मागे दोन पलंग, मध्ये ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना आत्तींनी शिवलेले पडदे. जुन्या पद्धतीची बस होती ती. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, आतल्या बाजूला, एका पत्र्याच्या झाकणाखाली. ते झाकण तापलं की आत्ती त्याच्यावर पापड वाळवायच्या.

पहिली सहल कोकणात काढायची ठरली तेव्हा माझ्या नवऱ्याला, रणजितला, कारखान्यातून रजा मिळाली नाही. मग निघालो आम्ही चौघं. मामा, आत्ती, मी आणि माझे वडील. वडिलांना मी आण्णा म्हणते. आण्णाही ड्रायव्हर, मामांच्याच डेपोतले. आमचं लग्न त्या दोघांच्या दोस्तीतूनच जमलेलं. लग्नाआधी ते एकमेकांना हिंद्या आणि शाम्या म्हणायचे, लग्नानंतर रीतीप्रमाणे 'पाव्हणं' म्हणायला लागले आणि दोघांनाही ते कधी नीट जमलं नाही. सगळ्यांत मोठा पाहुणचार म्हणजे एकमेकांची तंबाखू मळून देणं.

पण मी गाडीखाली पडले होते तेव्हा त्यांच्यात तंबाखूही बंद होती.

झालं होतं असं. येताना करूळचा घाट उतरून कणकवलीच्या बाजारात शिरलो. गाडी मामा चालवत होते. मी मागे आत्तींबरोबर मटार सोलत बसले होते. पुढे आण्णा काहीतरी ओरडले आणि एकदम करकचून ब्रेक लागला, मटार सगळ्या गाडीभर. मी पुढे जाऊन बघते तर आण्णा मामांच्या खांद्यावर हात ठेवून उभे.

"पाव्हणं, उठा. आता मी चालवतो."

मामांना वाटलं, चहापुरतं म्हणतायत. ते उठले. पण आण्णांनी मालवण येईपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही आणि गाडीही सारा रस्ता खालच्या गिअरात, हळूहळू आणली. मामांनी दोनदा मागितलं, आण्णांनी दोनदा मान हलवली. कारण काही सांगितलं नाही. मुक्कामाला पोचल्यावर मामांचा स्फोट झाला.

"तुमची पोरगी आमच्या घरात घेतली, पाव्हणं. तुमचा हुकूम न्हाई घेतला!"

आण्णा खाली बघत राहिले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "मला चालवावंसं वाटलं." माझ्या वडिलांना खोटं बोलता येत नाही. ते खोटं बोलले की डावा कान ओढतात. त्यांनी कान ओढला. पण त्यापुढे त्यांच्याकडून एक अक्षर निघेना.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी गाडी स्वतःच्या ताब्यात घेतली आणि आण्णांना इंजिनाच्या झाकणाला हात लावायचीही बंदी केली. आम्ही देवगडला गेलो, विजयदुर्ग बघितला, परत मालवणला आलो. आण्णा मागच्या पलंगावर बसून मागच्याच खिडकीतून बाहेर बघायचे. आणि त्याच दिवसांत गाडी तेल गाळायला लागली. आधी सकाळी खाली एक-दोन डाग, मग ताटाएवढं थारोळं. मामा रोज निघायच्या आधी झाकण उघडायचे, तेल मोजायची पट्टी उपसून बघायचे, डब्यातून तेल ओतायचे आणि झाकण आपटायचे.

मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलाय आणि तेव्हा कागलच्या एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला होते. म्हणून गळती शोधायचं काम माझ्याकडे आलं.

"बाहेर ये," मामा म्हणाले. "काय ते सांग."

"अशी नाही सांगता यायची. सगळं इंजिन तेलानं माखलंय. आधी धुवावं लागेल."

सकाळ सगळी त्यात गेली. डिझेल आणि ब्रश घेऊन मी इंजिन वरून-खालून घासलं, फडक्यानं कोरडं केलं आणि आत्तींना म्हटलं, "तुमचा पावडरचा डबा द्या."

"इंजिनाला पावडर लावतीस?"

"लावते. कुठून पाझरतंय ते पावडरीवर उमटतं."

"माझ्या तोंडाला लावायला उरू दे म्हंजे झालं," म्हणत त्यांनी डबा दिला. मी सगळ्या जोडांवर पावडर शिंपडली, मामांनी इंजिन चालू केलं आणि मी बॅटरी धरून बघत बसले. एखादं सील गेलेलं असलं तर तिथूनच एक ओघळ दिसतो. इथे वरच्या झाकणाच्या कडेनं ओघळ, पट्टीच्या नळीतून ओघळ, मागच्या सीलजवळ ओघळ, आणि इंजिनाला श्वास सोडायला जी नळी असते तिच्या जोडालाही ओघळ. जिथून बाहेर पडता येईल तिथून तेल बाहेर पडत होतं.

म्हणजे आत दाब होता. आत दाब वाढायची कारणं मोजकीच. श्वासाची नळी तुंबलेली असते. ती मी काढून फुंकून बघितली, मोकळी होती. नाहीतर तेल प्रमाणाबाहेर भरलेलं असतं. आणि तेही नसेल तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात. रिंगा गेल्या म्हणजे इंजिन खोलायचं, आणि त्या म्हाताऱ्या गाडीचं इंजिन खोलण्यापेक्षा ती भंगारात घालणं बरं.

"मामा, तेल किती आहे?"

"बरोबर खुणेला."

"जरा पट्टी बघू का?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा हात जागीच थांबला.

"मी बघितलीया."

हे इथे सांगायला हवं. त्यांच्या डेपोत एक रीत होती. ज्याच्या हातात स्टिअरिंग, तेलाची पट्टी त्यानंच बघायची. त्यानं बघितल्यावर दुसऱ्यानं ती उपसून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. यावरून कॉलर धरल्याच्या गोष्टी मी लहानपणी आण्णांकडून ऐकलेल्या. माझ्या गॅरेजात मी आलेल्या गाडीची पट्टी आधी उपसते आणि मग गिऱ्हाइकाला नमस्कार करते. पण हे गिऱ्हाईक नव्हतं, सासरा होता, आणि आधीच चिडलेला. मी हात मागे घेतला.

"मग रिंगा गेल्या असाव्यात," मी म्हणाले.

खरं तर तेही पटत नव्हतं. इंजिन चालू असताना मी तेल ओतायचं टोपण उघडून बघितलं होतं. रिंगा गेल्या असत्या तर तिथून धुराचे भपके यायला हवे होते. तसं काही नव्हतं. इंजिनाचा आवाजही निकोप. पण त्याशिवाय दुसरं कारणच उरलं नव्हतं.

फडक्यानं हात पुसत मामा गाडीच्या मागच्या दाराशी गेले. आण्णा पायरीवर बसले होते.

"ऐकलं का, पाव्हणं? रिंगा गेल्या. रिंगा कशानं जात्यात, सांगा की तुमच्या पोरीला! कुणीतरी कणकवलीपासनं खालच्या गिअरात किंचाळवत आणली की जात्यात!"

आण्णा पायानं वाळू उकरत राहिले.

"गाडी माझी भंगारात घातलीसा. माझ्या आयुष्यात ही एक गोष्ट केली हुती स्वतःसाठी. आता ऐका. कोल्हापूर आलं की तुमचं घर तिकडं, आमचं इकडं. सणासुदीला पोरीला न्यायला यायचं न्हाई. तुमचा-आमचा संबंध संपला."

"अहो, काय बोलताय!" आत्ती आतून ओरडल्या.

"बोललो ते बोललो."

मामा बोलले की पाळतात, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. स्वतःच्या सख्ख्या भावाशी ते असेच एकदा बोलले होते आणि मग भाऊ गेला तेव्हाच त्याच्या दारात गेले. मला आई नव्हती. माहेर म्हणून जे काही होतं ते त्या पायरीवर खाली मान घालून बसलं होतं. मला आण्णांचा इतका राग आला म्हणून सांगू! एक शब्द बोलायला काय जात होतं? मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आण्णा, का घेतलंत तुम्ही स्टिअरिंग? आता तरी सांगा."

आण्णांनी कान ओढला. "वाटलं मला."

दुपारी कोल्हापूरला परत निघताना मामांनी नेहमीप्रमाणे झाकण उघडलं, पट्टी बघितली, तेल ओतलं. डबा रिकामा झाला. मी डाव्या सीटवर, इंजिनाच्या झाकणापलीकडे बसले. कानांनी इंजिन ऐकत होते आणि डोळ्यांनी मामांना बघत होते. गाडी पोचली तर बरं, आणि पोचली की माझं माहेर तुटणार, असा सगळा विचित्र मामला होता.

फोंड्यापर्यंत रस्ता सपाट, काही झालं नाही. घाट चढायला लागलो तसा तापलेल्या तेलाचा वास वाढला. आरशात बघितलं तर मागे निळसर धूर.

"मामा, थांबवा जरा कुठं."

"चढावर? वर गेल्यावर थांबू."

पुढच्या वळणावर मामांनी गिअर बदलला, आणि इंजिनाचा आवाज चढला. चढतच गेला. मामांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तरी आवाज चढतच होता आणि अवजड गाडी चढावर पुढे उसळली.

"काय झालं तिला?" मामा ओरडले.

मला कळलं काय झालं ते. डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच लागतं असं नाही, तेलही चालतं. श्वासाच्या नळीतून ते स्वतःचंच तेल ओढून घ्यायला लागलं की चावी काढा, काही करा, ते ऐकत नाही. तेल संपेपर्यंत पळतं, नाहीतर फुटतं. असं झालेलं एक ट्रॅक्टर मी बघितलं होतं. त्याच्या इंजिनाचा तुकडा गॅरेजच्या पत्र्यातून आरपार गेला होता.

मामांनी इंजिन बंद करायचा दट्ट्या ओढला. काही नाही. झाकणाच्या फटींतून धूर आत यायला लागला. डावीकडे दरी, पुढे वळण.

"मला दिसंना!" मामा ओरडले. "मला काय दिसंना!"

माझ्या जागेवरून रस्ता दिसत होता.

तेवढ्यात मागून आण्णा आले. धडपडत, ओट्याला धरत, आत्तींना ओलांडत ते आले आणि मामांच्या खांद्यामागे उभे राहिले.

"हिंद्या! क्लच दाबू नगंस. गिअरातच ऱ्हाऊ दे. उजवीकडं घे."

मामांनी घेतलं.

"अजून घे. अजून. बास. सरळ धर. म्होरनं कोण न्हाई. आता वळण आलं, उजवं वळण, फिरव... फिरव... सोड. उजवीकडं डोंगर हाय, त्याच्या कडंला गटार हाय. चाक गटारात घाल. घाल! आता ब्रेकवर हुबा ऱ्हा!"

मामा उभे राहिले. अक्षरशः उभे राहिले. चाक गटारात गेलं, गाडी डोंगराला घासली, खिडकीची काच तडकली आणि आम्ही थांबलो. पण थांबताना क्लच दाबला गेला, आणि मोकळं सुटलेलं इंजिन असं किंचाळायला लागलं की आत्तींनी कानांवर हात ठेवले.

मी झाकण उघडलं. धुरात काही दिसेना. हातानं चाचपून हवेची नळी शोधली, तिचा क्लॅम्प उचकटला, बोटं भाजली, नळी निघाली. ते उघडं तोंड हवा ओढत होतं. तिथे हात ठेवून चालत नाही, हात जातो.

"आत्ती, सपाट काहीतरी द्या! पोळपाट! पोळपाट द्या!"

आत्ती म्हणजे खरोखर धीराची बाई. का, कशाला, काही विचारलं नाही. पोळपाट माझ्या हातात आला. मी तो त्या तोंडावर धरला आणि इंजिनानं तो माझ्या हातातून हिसकून घट्ट चिकटवून घेतला. मी वरून दोन्ही हातांनी दाबला, माझ्या हातांवर आण्णांचे हात आले. इंजिन घुसमटलं, सगळी गाडी हादरली आणि एकदाचं ते मेलं.

खालच्या झाडीत एक पक्षी ओरडत होता, तो ऐकू यायला लागला.

आम्ही उतरलो. आण्णांनी चाकांमागे दगड लावले. मामा रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले. आत्ती पोळपाट उलटसुलट करून बघत होत्या. त्याच्यावर काळं गोल वर्तुळ उमटलं होतं. "आता ह्याच्यावर चपाती कशी लाटू मी?" त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या.

इंजिन निवेपर्यंत मी वाट बघितली. वाट बघताना डोक्यात एकच गोष्ट होती. रिंगा धड असलेलं इंजिन एवढं तेल ओढतं कुठून? एकच कारण मी तपासलं नव्हतं, कारण मला ते तपासू दिलं नव्हतं. मी मामांपुढे जाऊन हात पसरला.

"चावी द्या."

"कशाला?"

"गाडी आता माझ्याकडं. इथून मी चालवणार. माझ्याकडं लायसन्स आहे."

मामांनी वर बघितलं. गाडी माझ्याकडं म्हणजे पट्टीही माझ्याकडं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते उठले. गाडीत चढले. स्वतःच झाकण उघडून पट्टी उपसली, फडक्यानं पुसली, परत घातली आणि बाहेर काढून उन्हात धरली. जवळ धरली. लांब धरली. मान तिरपी करून बघितलं. पट्टीवरचं तेल उन्हात चमकत होतं. मला दोन हात लांबून दिसत होतं ते कुठवर आहे.

मामांनी पट्टी माझ्यापुढे धरली.

"पोरी," ते म्हणाले, "कुठवर हाय गं?"

मला क्षणभर कळलंच नाही ते काय विचारतायत. मग कळलं.

"खुणेच्या वर आहे, मामा."

"किती?"

"चार बोटं."

त्यांनी पट्टी खाली केली. आत्ती डोळे पुसत दारात आल्या होत्या. "म्हंजे काय झालं? इंजिन गेलं का?"

"नाही, आत्ती. इंजिनाला काही झालेलं नाही. त्यात तेल जास्त झालंय. जास्त झालं म्हणून दाब आला, दाब आला म्हणून गळायला लागलं, आणि गळतंय म्हणून..."

"म्हणून मी आनखी घालत गेलो," मामा म्हणाले.

मी रिकामा डबा घेतला आणि गाडीखाली शिरले. जास्तीचं तेल काढायला इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सैल करायचा होता. तेल गरम होतं, सावकाश धार धरून डब्यात येत होतं. तिथून मला दोन माणसांच्या चपला दिसत होत्या. मामांच्या कोल्हापुरी आणि आण्णांच्या टायरच्या. मी खाली आहे हे दोघांना माहीत होतं. तरी ते बोलले.

"तुला कवा कळलं?" मामांनी विचारलं.

"कणकवलीत. शहाळ्याची गाडी हुती म्होरं. बाई पाठमोरी हुबी हुती. तू सरळ तिच्यावर निघालतास."

"तू ब्रेक म्हनून वराडलास, तवा दाबला मी. शहाळी मला दिसलीच न्हाईत. बाई बी न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"मला वाटलं, तुला माजी गाडी पायजे."

"मला काय करायचीया तुजी गाडी? त्या पलंगावर कंबर मोडली माजी."

तेलाची धार बारीक झाली. मी बोल्ट धरून तशीच पडून राहिले.

"मी एवढं बोललो सगळ्यांम्होरं," मामा म्हणाले. "पोरीचं म्हायेर तोडाय निघालो. तवा तरी तोंड उघडायचं."

"उघडलं असतं तर तेच भायेर आलं असतं. सुनंम्होरं. वैनींम्होरं. मग तू हितंच गाडी इकून एसटीनं घरी गेला असतास."

"व्हय. गेलो असतो."

मग मामांचा आवाज आला, पण तो मी ओळखला नसता.

"साखरेनं डोळ्याचा पडदा गेलाय, शाम्या. डॉक्टरनं सांगितलंय, येत न्हाई परत. मधलं काय दिसत न्हाई, कडंकडंचं दिसतं. घरात कुनाला सांगितलं न्हाई. म्हनलं, ही एक सहल मारू, मग ठेवू गाडी. पट्टीवरची खूण तर लई दिवस झालं दिसत न्हाई. म्हनून जरा जास्तच घालायचो. कमी पडून इंजिन जळाय नको."

मी गाडीखाली रडले. तोंडावर तेलाचे हात न्यायची सोय नव्हती, त्यामुळे पाणी कानांत गेलं. ज्या माणसाच्या पट्टीला हात लावायची माझी छाती झाली नव्हती, तो माणूस रोज सकाळी आम्हा सगळ्यांदेखत काहीही न दिसणाऱ्या पट्टीकडे बघून मान डोलवत होता. आणि माझे वडील, ज्यांना मी सकाळी मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते दोस्ताची अब्रू राखायला माझं घर पणाला लावून बसले होते. दोघांचाही राग आला आणि दोघांनाही कवटाळावं असंही वाटलं.

"मला सांगायचंस की," आण्णा म्हणाले. "मी शेजारी बसून तुला समदं सांगितलं असतं."

मी बोल्ट आवळला आणि बाहेर आले. दोघंही लगेच वेगवेगळ्या दिशांना बघायला लागले.

तेल खुणेला आलं होतं. मी हवेची नळी धुऊन पुसून बसवली. आण्णांना पोळपाट घेऊन इंजिनाशी उभं केलं आणि चावी फिरवली. आधी पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला. मग धूर विरळ झाला, आवाज बसला, आणि इंजिन पहिल्यासारखं एका लयीत चालायला लागलं. आत्तींनी हात जोडले. मामा मान खाली घालून ऐकत होते. "रिंगा धड हायत," ते म्हणाले.

मग ते डाव्या सीटवर जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. आण्णा मागे पलंगाकडे निघाले तसा मामांनी त्यांचा सदरा धरला.

"कुठं चाललास? हितं बस."

"कुठं बसू?"

"झाकणावर बस. भाजलं तर भाजू दे."

आण्णा दुमडलेली सतरंजी टाकून इंजिनाच्या झाकणावर बसले, मामांच्या आणि माझ्या मध्ये. मी गाडी गटारातून काढली आणि पहिल्या गिअरात चढ धरला.

"सांग की," मामा म्हणाले.

"काय सांगू?"

"म्होरं काय काय हाय ते."

आण्णा माझे वडील असल्यापासून मी त्यांना कधी कशाचं वर्णन करताना ऐकलेलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा ते दोनच वाक्यं बोलले होते. त्यांनी घसा साफ केला.

"डावीकडं कठडा हाय. पांढरा. मधी एक दगड पडलाय त्यातला. म्होरनं ट्रक यायलाय, लाकडाचा. गेला. आता वळण हाय. वळणावर कुणीतरी पानी पिऊन बाटली टाकलीया."

"बाटली ऱ्हाऊ दे. दरी दिसती का?"

"दिसती."

"कशी हाय?"

आण्णांनी मान लांब करून खाली बघितलं.

"खोल हाय. झाडंच झाडं. लांब खाली रस्ता हाय, आपून आलो तो. त्याच्यावर एक एसटी चढालीया, एवढीशी. कोण चालवतोय कळत न्हाई, पर बरा चालवतोय. आनी त्याच्या पल्याड समदं धुकं. समुद्र असंल तिकडं."

मामांनी काचेकडे तोंड केलं होतं. माझ्यामागे एक जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली, रस्ता मागत होती. मी हात दाखवून तिला पुढे जाऊ दिलं आणि गिअर बदलला नाही. दोघांचंही बघून होऊ दे म्हटलं.